काखेतला उजवा हात

नावे लिहिणार नाही. ज्याच्याविषयी हे लिहितो आहे तो हयात आहे, मीही आहे, आणि दोघांच्या गावांमध्ये पायी चालून जाण्याइतकेच अंतर आहे. घडले तेवढे लिहितो.

वडवणीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंगमध्ये मी सव्वीस वर्षे मिस्त्री होतो. शेतकरी ट्रॉलीतून कापूस आणत. आमची यंत्रे त्यातली सरकी काढून रुई वेगळी करीत आणि रुईच्या गाठी बांधल्या जात. यंत्रांची दुरुस्ती, रोलर बसवणे, पाती लावणे हे माझे काम. फाटकातून आत आलेला कापूस घ्यायचा की परत पाठवायचा, आणि घेतला तर कोणत्या गंजीवर टाकायचा, हे ठरवणे ग्रेडरचे काम. तो माझ्यानंतर चार वर्षांनी लागला. बावीस वर्षे आम्ही दुपारची भाकरी एकाच फडक्यावर सोडली. त्याच्या घरची चटणी तिखट असे, माझ्या घरची भाकरी जाड असे. यापलीकडे मैत्रीचा पुरावा देण्याची मला सवय नाही.

जिनिंगचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे संपतो. मग मजूर जातात आणि फाटकाला साखळी लागते. आमच्याकडे बारा महिने राहणारी माणसे चारच होती: मुनीम, राखणदार, ग्रेडर आणि मी. त्यांना कायम म्हणत. कायम माणसाला दरवर्षी नव्याने काम शोधावे लागत नसे, कोयता घेऊन उसाच्या फडावर जावे लागत नसे, आणि उतारवयात दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नसे. साठीकडे झुकलेल्या माणसाला याहून मोठे काही मिळवायचे नसते. मिळालेले फक्त टिकवायचे असते.

पुढचे सगळे माझ्याच रजेवरून सुरू झाले. मुलीच्या लग्नासाठी मी दोन दिवस गेलो होतो. त्या दोन दिवसांत एका रांगेतले रोलर घसरले आणि बारा यंत्रे उभी राहिली. ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. धाकटे मालक नुकतेच पुण्याहून शिकून आले होते. ते त्या वेळी काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामाआधी, दसऱ्याच्या आठवड्यात, त्यांनी कचेरीच्या भिंतीवर एक तक्ता लावला आणि आम्हा चौघांना बोलावले.

"एका माणसावाचून जिनिंग बंद पडता कामा नये," ते म्हणाले. "प्रत्येक काम दोघांना यायला हवं. हा हंगाम सगळ्यांनी जोडीनं एकमेकांचं काम शिकायचं. मिस्त्री, तुमची जोडी ग्रेडरबरोबर."

मुनीम आणि राखणदार बाहेर गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना थांबवले.

"एक स्पष्ट सांगतो. पुढच्या उन्हाळ्यापासून तुम्हा दोघांपैकी एकच जण कायम राहील. ज्याला दोन्ही कामं नीट येतील तो. दुसऱ्याला हंगामापुरतं बोलावू."

हे त्यांनी दोघांच्या तोंडावर सांगितले. कठोर होते, पण चोरून नव्हते. त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही.

बाहेर आल्यावर ग्रेडर हसला. "काय बे मिस्त्री, नवरा-नवरीसारखं पाटावर बसवलं की आपल्याला!"

"आणि उन्हाळ्यात एकाला माहेरी धाडणार," मी म्हणालो.

"मंग तूच जा. तुझी बायको भाकरी जाड करती, तुला माहेरचीच बरी."

तो असाच बोलत असे. मी फारसा बोलत नसे. त्यामुळे आमचे जमत असे.

खंडेनवमीला जिनिंगमध्ये हत्यारांची पूजा होते, हंगामाची माणसेही त्या दिवशी येतात. प्रत्येकाने आपले हत्यार आपल्या कामाच्या जागी मांडायचे, त्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझे पाने, पोपटपाना, हातोडी, पात्यांची कानस. काटेवाल्याचा काटा. हमालांचे हूक. ग्रेडरजवळ हत्यार नव्हते. तो पाटापुढे बसून स्वतःच्या उजव्या तळहाताला हळदकुंकू लावून घेई आणि म्हणे, "आमचं हत्यार हेच हाय." दरवर्षी सगळे हसत. दरवर्षी हमालांपैकी कोणीतरी विचारी, "मंग उद्यापस्तोर जेवणार कशानं बे?" आणि तो डाव्या हाताने प्रसाद घेई.

त्या वर्षी पूजा झाल्यावर तो माझ्या पाटाजवळ आला. कुंकवाचा तळहात त्याने माझ्या पान्यावर ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला, "दोघांनीबी पुरतं शिकवायचं. एक गोष्टबी मागं ठेवायची न्हाई. मंग मालक कुणालाबी ठेवू दे. आपल्यात वाकडं यायला न्हाई पायजे."

बोलणे त्याचे होते. मी मान हलवली. पान्यावर त्याच्या पाच बोटांचे ठसे दसऱ्यापर्यंत होते.

हंगाम सुरू झाल्यावर सकाळी मी त्याच्याबरोबर ट्रॉल्यांवर असे, दुपारी तो माझ्याबरोबर यंत्रांवर. मी शिकवण्यात पद्धतशीर आहे. आधी यंत्र बंद असताना त्याचा एकेक भाग त्याच्याकडून काढून घेतला. चामड्याचा रोलर कसा घासतो, तो स्थिर पात्याला किती चिकटवावा, हलते पाते किती खाली यावे, हे त्याच्या हातून करून घेतले. लोखंडी सळईचे एक टोक यंत्राला आणि दुसरे कानाला लावून बेअरिंगचा आवाज कसा ऐकावा, ते दाखवले. चामडे जळण्यापूर्वी एक गोडसर वास येतो. तो येईपर्यंत त्याला दोन दिवस यंत्राजवळ उभे केले.

एक गोष्ट माझी स्वतःची होती. ती मला कोणी शिकवली नव्हती, आणि मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. पाते बसवून बोल्ट आवळला की लोक यंत्र चालू करून निघून जातात. लोखंड तापले की ते पसरते आणि बोल्ट सैल होतो. महिन्याभरात रोलरला खाच पडते आणि मिस्त्री चामड्याला शिव्या देतो. मी यंत्र अर्धा तास रिकामे चालवी, तापवी, आणि गरम असतानाच बोल्ट पुन्हा आवळी. हात भाजतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. माझे रोलर इतरांपेक्षा दीडपट टिकत, याचे कारण एवढेच होते.

ते मी त्याला सांगितले. त्याने वही काढून लिहून घेतले.

"हे तू आजपस्तोर कुणालाच कावून न्हाई सांगितलंस?" त्याने विचारले.

"कोणी माझ्यापुढे हात ठेवून शब्द दिला नव्हता."

त्याने वही मिटून खिशात ठेवली. मग म्हणाला, "लई मोठं मन हाय बे तुझं." आम्ही चहाला गेलो.

त्यानेही शिकवले. शिकवले नाही असे मी म्हणणार नाही. चिमटीत रुई ओढून धाग्याची लांबी कशी पाहावी, झटकल्यावर पडणाऱ्या पाचोळ्यावरून वेचणी कशी ओळखावी, पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा, म्हणजे उशिराच्या शेवटच्या कापसाचा, रंग कसा वेगळा दिसतो, ट्रॉलीत वरून खालपर्यंत हात कुठे कुठे घालावा. ओलाव्यासाठी त्याने सरकी दाताखाली धरायला सांगितली. "कट्ट वाजली की वाळली. दबली की ओली." हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असते. म्हणून मी विचारले.

"पहाटे पाणी शिंपडून आणला तर? सरकीत पाणी शिरायला रात्र लागते. सरकी कट्ट वाजेल आणि रुई ओली असेल."

"ते हात सांगतोय की."

"कसं सांगतो?"

"येतंय हळूहळू. सवयीचं काम हाय. बावीस वर्सं झाली मला."

कचेरीत ओलावा मोजायचे यंत्र होते. त्याच्या सुया कापसात खुपसायच्या आणि आकडा वाचायचा. एकाच ट्रॉलीत पाच ठिकाणी ते पाच आकडे दाखवी. शेतकरी त्यातला सगळ्यांत लहान दाखवत, मुनीम सगळ्यांत मोठा. भांडण मिटे ते ग्रेडरच्या हाताने. म्हणूनच त्याला मान होता.

हंगामाचे ते पहिले आठवडे होते. हवा उबदार होती, आणि त्या दिवसांत माझा हात बरोबर सांगत होता. धाकट्या मालकांनी दोनदा परीक्षा घेतली. एकाच ट्रॉलीचा कापूस दोघांनी वेगवेगळा पाहायचा आणि काय वाटते ते वेगवेगळे सांगायचे. दोन्ही वेळा आमचे म्हणणे जुळले. त्यानेही दोन रोलर एकट्याने बसवले. मी सळई कानाला लावून ऐकले. दोष नव्हता. मला समाधान वाटले, हे लिहायला हरकत नाही.

मग थंडी पडली. बालाघाटाच्या कडेला पौषात सकाळी हात आखडतात. ग्रेडर ट्रॉलीजवळ उभा असताना उजवा हात स्वेटरच्या आतून डाव्या काखेत घालून उभा राहत असे. नवीन नव्हते. बावीस हिवाळे मी त्याला तसेच पाहिले होते. कापूस तपासायच्या क्षणी तो हात बाहेर काढी, ट्रॉलीत घाली आणि पुन्हा काखेत ठेवी.

एक म्हातारा हमाल त्याला नेहमी छेडी. "ग्रेडर, हात काय गहाण ठेवलाय बे काखेत?"

"लई गारठा हाय रे बाबा," तो म्हणे.

मीही हसलो आहे.

संक्रांतीच्या आधी त्याने दोन दिवसांची रजा मागितली. उमापूरला मेव्हण्याच्या घरी वास्तुशांत होती. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तू हायस, मला काय घोर न्हाई. मालकालाबी तसंच सांगितलंय." माझ्यासाठी ही पहिली एकट्याची वेळ होती. आणि धाकट्या मालकांनी आम्हाला त्याच हंगामात पारखायचे ठरवले होते, हे दोघांनाही माहीत होते.

पहिल्या सकाळी अकरा ट्रॉल्या उभ्या होत्या. मी पहिल्या ट्रॉलीत हात घातला. कापूस ओला लागला. दुसऱ्या ट्रॉलीत घातला, तोही ओला लागला. दोन्ही परत फिरवल्या. शेतकरी खवळले. त्यातला एक जण माझ्याच गावाकडचा होता.

"मिस्त्री, आठ दिवस माळवदावर वाळवलाय कापूस! पाणी कुठं दिसलं तुमाला?"

"हाताला लागतंय."

"हाताला काय लागतंय? तुमी पाने फिरवा जाऊन!"

लोक हसले. गलबला ऐकून धाकटे मालक बाहेर आले. त्यांनी यंत्राच्या सुया खुपसल्या, सरकी चावली, हातात घेऊन पाहिले. कापूस वाळलेला होता. दुसऱ्या ट्रॉलीतलाही होता.

"मिस्त्री, अहो, वाळला कापूस परत घालवता?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "ग्रेडर म्हणाले होते, तुम्ही तयार झालात."

मी माफी मागितली. त्यानंतर हातावर विश्वास ठेवला नाही. सरकी चावली, कट्ट वाजली, घेतले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जितक्या ट्रॉल्या आल्या, त्यांतल्या ज्यांची सरकी वाजली त्या सगळ्या मी मधल्या गंजीवर टाकल्या. ज्यांनी पहाटे पाणी शिंपडले होते, तेही त्यातच गेले. माणसे लबाड असतात असे नाही. मिस्त्री तपासतो आहे ही बातमी पसरायला एक सकाळ पुरते.

ग्रेडर परत आला. चौथ्या दिवशी मधल्या गंजीतून आंबूस वास येऊ लागला, भिजून उबलेल्या ज्वारीसारखा. हमालांनी गंजी फोडली. आतून वाफ निघाली. मधला कापूस पिवळा पडला होता आणि हात ठेवता येत नव्हता इतका तापला होता. दोन दिवस बाया तो पसरत होत्या. चांगल्या गाठीत त्यातली मूठभरही रुई जाऊ शकली नाही.

धाकट्या मालकांनी दोघांना कचेरीत बोलावले. मी झाले तसे सांगितले. हात चुकला, मग सरकीवर गेलो, ती चूक माझी. मग त्यांनी ग्रेडरला विचारले, "तुम्ही यांना ओलावा शिकवला होता ना?"

तो माझ्या शेजारी उभा होता. उजवा हात काखेत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"समदं शिकवलं, मालक. जेवढं मला येतंय तेवढं समदं. पण हाताला गुण लागतोय. तो द्यायचा कुठून?"

मी तेव्हा यावर विश्वास ठेवला. ही गोष्ट मला सगळ्यांत जड जाते. मला वाटले, त्याने माझी बाजू सांभाळून घेतली. मिस्त्रीचा हात लोखंडाचा, त्याला कापूस कळायचा नाही, असे मीच स्वतःला समजावले. होळीनंतर धाकट्या मालकांनी निर्णय सांगितला. ग्रेडर दोन्ही कामे करतील, तुम्हाला दिवाळीला बोलावू. मी माझे पाने पोत्यात बांधले. फाटकापर्यंत तो सोबत आला.

"मनाला लावून घेऊ नको," तो म्हणाला. "दिवाळी काय, आज हाय उद्या येती."

"बोल्ट गरम असताना आवळत जा," मी सांगितले.

दिवाळीला बोलावणे आले नाही. यंत्रे नीट चालली होती. ती चालणारच होती.

तो हिवाळा मी घरी काढला. एका सकाळी बायको अंगणातल्या दोरीवरून वाकळ काढत होती. मी ओट्यावर बसलो होतो. तिने वाकळीचे टोक धरले, सोडले, मग गालाला लावून पाहिले आणि पुन्हा दोरीवर टाकले.

"वाळली नाही का?" मी विचारले.

"मधी ओली हाय."

"मग गालाला कशाला लावलीस? हाताला कळलं नाही?"

मी पोर असल्यासारखी ती माझ्याकडे पाहू लागली. "हात गारठलेत की. गार हाताला समदंच ओलं लागतंय. वाळलंबी अन् ओलंबी. तुमाला एवढंबी ठावं न्हाई? काय शिकलाव मंग तिथं वरीसभर?"

मी ओट्यावरून उठलो, उजवा हात काखेत घातला आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. मग वाकळीजवळ गेलो. कडेला हात ठेवला. कोरडी. मध्ये ठेवला. ओल सुईसारखी टोचली.

मी पुन्हा हात गार होऊ दिला आणि पुन्हा पाहिले. कड आणि मध्य एकसारखे लागले. मग पुन्हा काखेत घातला. किती वेळा केले ते सांगत नाही. बायको म्हणाली, "वाकळ इकायला न्यायची हाय काय?"

बावीस हिवाळे तो हात माझ्या डोळ्यांसमोर होता. हमालाने विचारले तेव्हा तो म्हणाला, गारठा आहे. मी विचारले तेव्हा म्हणाला, सवयीने येते. उबदार दिवसांत त्याने मला परीक्षेत पास होऊ दिले आणि थंडी कडाक्याची झाली तेव्हा वास्तुशांतीला गेला. वास्तुशांत खरी होती. मी मग चौकशी केली. पण मेव्हणा म्हणाला, एका दिवसाचे काम होते, पाव्हणे आग्रह नसताना दोन दिवस राहिले.

वडवणीच्या आठवडी बाजारात ग्रेडर मला भेटला. भेटला म्हणजे मी त्याला शोधले. तो मिरच्या निवडत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. उजवा हात काखेत घातला.

त्याने पाहिले. मिरच्या टोपलीत टाकल्या. मग म्हणाला, "कळलं म्हण की."

"शब्द तू दिला होतास. माझ्या पान्यावर हात ठेवून."

"दिलता."

"मग सांगितलं कावून न्हाईस?" मी त्याच्या बोलीत बोललो. सहसा मी तसे बोलत नाही.

"सांगितलं असतं तर दोघांनाबी दोन्ही कामं आली असती. मंग मालकानं कुणाला ठेवलं असतं? तुलाच की. तू जुना, तू मिस्त्री. यंत्र अडलं तर जिनिंग अडतं. कापूस काय, मालकबी चावून बघतो." त्याचा आवाज चढला नाही. "माझ्याजवळ ती एकच गोष्ट होती बे. तुझ्याजवळ लई होत्या."

"माझ्याजवळच्या सगळ्या तुला दिल्या."

"ते तू दिल्यास."

मिरचीवाली बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "घ्यायच्या असतील तर घ्या बाबा, न्हाईतर हुबं ऱ्हाऊ नका," ती म्हणाली. आम्ही दोघेही बाजूला झालो, आणि दोन वेगळ्या दिशांना गेलो.

त्याचे म्हणणे मी अनेकदा तपासले आहे. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. बावीस वर्षांच्या भाकरीत तो हिशेब कुठे बसतो, ते मला सापडले नाही.

पुढच्या हंगामात धारूरच्या एका जिनिंगचे मालक मला मिस्त्री म्हणून न्यायला आले. मी सांगितले, यंत्रे बघीन, पण ट्रॉल्याही मीच तपासीन. त्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी मला पौषात सकाळी सात वाजता पाच ट्रॉल्या दाखवल्या. मी चार घेतल्या, एक परत केली. परत केलेल्या ट्रॉलीवाल्याने पाणी शिंपडल्याचे कबूल केले. मला ठेवून घेतले.

पहिल्याच आठवड्यात मी काटेवाला, मुनीम आणि दोन हमाल यांना ट्रॉलीजवळ उभे केले. धाग्याची लांबी, रंग, पाचोळा, सरकी हे सगळे नंतर. "आधी उजवा हात काखेत घाला," मी म्हणालो. "आता शंभर मोजा."

"गारठा न्हाई लागला आमाला, मिस्त्री," एक हमाल म्हणाला.

"गारठ्यासाठी नाही."

कारण सांगितले. दोनदा सांगितले. दुसऱ्या हंगामात तिथला जो कोणी ट्रॉलीजवळ जाई तो हात काखेत घालूनच जाई. शेतकरीही तसे करू लागले. घरून निघण्यापूर्वी स्वतःच तपासत. ओला कापूस येणे कमी झाले. मालक खूश होते. मी हे उदारपणाने केले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. त्याने जे एकट्याचे म्हणून जपले, ते मला कोणाचेच एकट्याचे राहू द्यायचे नव्हते.

माझी जागा गेल्यापासून तिसऱ्या वर्षी वडवणीचे ते जिनिंग धाकट्या मालकांनी भाड्याने दिले. भाडेकरू परगावचा होता, त्याने आपली माणसे आणली. कायम जागा कोणाचीच राहिली नाही. हे मला मुनीमाकडून कळले. ऐकून आनंद झाला नाही. ज्या जागेसाठी शब्द मोडला गेला ती जागा तीन वर्षेही पुरली नाही, एवढेच मनात आले.

त्या पौषात एका सकाळी धारूरच्या फाटकातून एक ट्रॉली आत आली. ट्रॅक्टरवर भाड्याचा ड्रायव्हर होता. कापसावर, कांबळे पांघरून, ग्रेडर बसला होता. डोंगरालगत त्याचे तीन एकर आहे. तो कापूस त्याचा स्वतःचा होता.

खाली उतरून त्याने आवार पाहिले. काट्याजवळ काटेवाला उभा होता, हात काखेत. ट्रॉल्यांच्या रांगेत दोन हमाल होते, दोघांचे हात काखेत. एक अनोळखी शेतकरी आपल्याच ट्रॉलीवर चढून, हात काखेत घालून वाट पाहत होता. ग्रेडरने सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"समद्यांना सांगितलंस व्हय?" तो म्हणाला.

"हो."

"एकालाबी सोडलं न्हाईस?"

"नाही."

काटेवाल्याने विचारले, "मिस्त्री, ही मी बघू का?"

"ही मी बघतो."

मी काखेतून हात काढला आणि ट्रॉलीत घातला. वर, मध्ये, खाली. तीन ठिकाणी. मग मागच्या फळीकडून पुन्हा. तो शेजारी उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. कापूस ओला निघावा असे मला वाटत होते. आयुष्यात कुठल्याही गोष्टीची मी इतकी इच्छा केलेली नाही. ओला असता तर मी ते चार माणसांत मोठ्याने सांगितले असते आणि ट्रॉली फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहत उभा राहिलो असतो.

सरकी चावली. कट्ट वाजली. चिमटीत रुई ओढली. धागा लांब होता, रंग पहिल्या वेचणीचा होता. हात पुन्हा काखेत घालून, शंभर मोजून, मी शेवटचे एकदा तळाशी घातला.

कापूस कोरडा होता.

"वाळला आहे," मी काटेवाल्याला सांगितले. "पहिल्या गंजीवर."

तो काही बोलण्यासाठी थांबला असावा. मी पुढच्या ट्रॉलीकडे गेलो.